भाड्याने दिलेलं घर आणि कलम ५४ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : आठ वर्षं भाड्याने दिलेला फ्लॅट विकून १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ५४ ची सूट (घर विकून झालेल्या नफ्यावरच्या करातली) घ्या, असं मी सांगणं म्हणजे लोकांना नोटिशीच्या तोंडी देणं, कलमाच्या मथळ्यातच 'राहण्यासाठी वापरलेली मालमत्ता' म्हटलंय, आणि तुमच्या इंग्लंडमधल्या मेव्हण्यांना असाच फ्लॅट विकल्यावर कर भरावा लागला.

मथळा तुम्ही बरोबर वाचलात. आता त्याखालचा मजकूरही वाचा. विकलेलं घर निवासी हवं, २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असायला हवं, आणि त्याचं उत्पन्न 'घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली, म्हणजे उत्पन्नाच्या या प्रकारात, करपात्र हवं. भाडं एरवी याच शीर्षाखाली दाखवतात ना? मग भाडेकरू ठेवला म्हणून सूट जाईल कशी? विक्रीआधीची दोन वर्षं करदात्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी तिथे राहिलेलं असावं, अशी अट पूर्वी खरोखरच होती. १९८२ च्या वित्त कायद्याने ती काढून टाकली. मथळा तेवढा तसाच राहिला, आणि तो वाचून दचकणारेही.

मेव्हण्यांचं उदाहरण इथे लागूच होत नाही. ब्रिटनमध्ये मालक स्वतः किती महिने राहिला, यावर सवलत मोजतात; शेवटचे नऊ महिने तेवढे सोडून देतात. भाड्याने दिल्याबद्दलची जी वेगळी सवलत होती, तीही एप्रिल २०२० पासून मालक भाडेकरूसोबत त्याच घरात राहत असेल तरच मिळते. आपल्याकडे घरात कोण राहिलं ते बघत नाहीत, नफ्याचं पुढे काय केलं ते बघतात.

म्हणजे असं, की ४० लाखांचा फ्लॅट ९५ लाखांना गेला, तर नव्या घरात ५५ लाख घातले की पुरे, सगळे ९५ नकोत. घर भारतातच घ्यायचं : विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत, बांधायचं असेल तर तीन वर्षं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नसतील, तर उरलेली रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (अशा नफ्यासाठीच्या खास खात्यात) टाकावी लागते. लोक फसतात ते इथे. साध्या एफडीत ठेवतात आणि 'पैसे बाजूलाच काढले होते' म्हणतात! ते चालत नाही. आणि हो, नव्या घरातही तुम्ही राहायलाच हवं असं नाही. तेही खुशाल भाड्याने द्या, तीन वर्षं विकू नका म्हणजे झालं.

तुमच्या भीतीला आधार आहे तो एकाच ठिकाणी. फ्लॅट सर्व्हिस अपार्टमेंटसारखा चालवून उत्पन्न व्यवसायात दाखवलं असेल, वर घसाराही (मालमत्तेच्या झिजेपोटीची वजावट) घेतला असेल, तर शीर्षाची अटच मोडते आणि मी वर लिहिलेलं त्या घराला लावू नका. तुमच्या जुन्या रिटर्नमध्ये भाडं कुठे दाखवलंय, ते आधी सीएंना विचारा. त्याच बैठकीत गृहकर्जाच्या व्याजाचंही विचारून घ्या. दरवर्षी भाड्यातून वजा केलेलं व्याज विक्रीच्या वेळी घराच्या किमतीत पुन्हा मिळवता येत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने ती वाट स्पष्ट शब्दांत बंद केली आहे.