कॉन्फरन्स पेपर "पैसे भरा नाहीतर सोडून द्या"? थांबा जरा

आपल्या नागपूरच्या पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. कॉन्फरन्सचा पेपर पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, गुगल स्कॉलरवर पीडीएफ नसली तर सोडून द्या, लेखकाला मेल करणं म्हणजे टाइमपास, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) वाचून रेफरन्स टाका, कोणी तपासत नाही. चौघांनी मला पाठवला, आता लिहितोच.

पैशाचं म्हणाल तर कॉम्प्युटरवाल्यांना हे फारसं लागू नाही भाऊ. युझनिक्स या कॉम्प्युटरच्या संस्थेचे पेपर 2008 पासून फुकट आहेत, भाषेवरच्या कामाचे एसीएल अँथॉलॉजी या साइटवर पडलेत, एसीएम या दुसऱ्या कॉम्प्युटर संस्थेने 1951 ते 2000 चा जुना साठा 2022 मध्ये खुला केला. आयईईई ही इंजिनीअरांची संस्था पैसे मागते हे खरं, पण तोच पेपर बरेचदा लेखकाने स्वतःच्या पानावर नाहीतर आर्काइव्ह (arXiv) या फुकट साइटवर ठेवलेला असते, स्कॉलरमध्ये खाली "ऑल व्हर्जन्स" असते ते कोणी दाबतच नाही.

स्कॉलरवर नाही म्हणजे नाहीच, यावर मात्र मला खरंच राग येते, कारण माझे दोन महिने यातच गेले. माझा विषय सांडपाण्याचा, मला हवा तो पेपर नव्वदच्या दशकातला, नावाने कितीही शोधा, काही नाही. शेवटी लायब्ररीतल्या मॅडम म्हणाल्या, अरे पेपर काहून शोधतो, परिषद शोध! प्रोसीडिंग्ज (परिषदेतल्या पेपरांचा संग्रह) म्हणजे एक तर पुस्तक असते नाहीतर जर्नलचा विशेषांक, आणि कॅटलॉगमध्ये नोंद पुस्तकाची असते, आतल्या पेपरांची नाही. मग परिषदेचं नाव, गाव, वर्ष, संपादक असं टाकलं आणि वर्ष एक-दोनने पुढे सरकवून पाहिलं (परिषद होते एका वर्षी, छापून येते पुढच्या), तर पेपर वॉटर सायन्स अँड टेक्नॉलॉजी या जर्नलच्या एका अंकात निघाला. सरकारी कॉलेजात असाल तर 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेत 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल आहेत, असे विशेषांक तिथे आधी पाहा. खाजगीवाल्यांनी लायब्ररी डेलनेटची (लायब्ररींचं नेटवर्क) मेंबर आहे का विचारा, असली तर ते दुसऱ्या लायब्ररीतून कॉपी मागवून देतात.

मेलचं थोडक्यात सांगतो. पहिल्या लेखकाचा जुना पत्ता बरेचदा बंद असते, सहलेखकाला लिहा, तीन ओळी पुरे. दुसऱ्या एका पेपरबद्दल मला एका सरांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं की त्या परिषदेत फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट छापला होता, पूर्ण पेपर कधी लिहिलाच नव्हता. हे मला आणखी कुठे कळलं असतं?

आणि न वाचता रेफरन्स? अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये "इतके टक्के प्रदूषण कमी झालं" एवढंच असते, ते बादलीभर पाण्यावर की पूर्ण प्लांटवर, हे आत वाचल्याशिवाय समजत नाही. आपल्या नागपुरातल्या भांडेवाडीच्या प्लांटमध्ये शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. तिथला कोणी इंजिनीअर उद्या तुमचा थिसिस उघडून तोच आकडा उचलेल, कारण तुम्ही वाचला असेल असं तो धरून चालणार.