शेतकऱ्याला शुगर होत नाही म्हणे!

मामाच्या गावच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय: शुगर हा शहरात बसून खाणाऱ्यांचा रोग, शेतात घाम गाळणाऱ्याला होत नाही, साखर सोडा गूळ खा, आणि गोळ्या चालू केल्या की किडनी गेलीच. लोक हे मनापासून खरं मानतात म्हणून लिहितोय.

पहिलं, शेतकऱ्याला होत नाही हे साफ खोटं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडियाब नावाचा देशभरातला शुगरचा सर्व्हे 2023 मध्ये छापून आला, एक लाखावर लोक तपासले, शहरात 16.4 टक्के आणि खेड्यात 8.9 टक्के मोठ्या माणसांना डायबेटिस निघाला, म्हणजे गावात साधारण अकरात एक. शहरापेक्षा कमी, मान्य, पण शुगर अजून झाली नाही पण काठावर आलीय असे लोक दोन्हीकडे सारखेच, 15 टक्क्यांच्या आसपास.

आणि मी तर काडीपैलवान, मला कसली शुगर, असंही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची पोरं तपासतायत, तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5, पण वजन कमी असून चरबी त्या मानानं जास्त! आणि अशी चरबी शुगरकडे नेते, म्हणून बारीक दिसणाऱ्यालाही धोका, आईच्या पोटात असल्यापासूनची गोष्ट आहे ही.

गूळ? उसाचाच रस आटवलेला, शुगर तशीच चढते.

आता गोळ्या. शुगरची नेहमीची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन, तिनं किडनी खराब होत नाही, वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरनं होते, किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात, म्हणून स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. मामानं असंच वाचून गोळ्या सोडल्या, दोन वर्षांनी बाभळीचा काटा तळपायात मोडला आणि त्याला आठ दिवस पत्ताच नाही, शुगरनं पाय बधिर झालेले, चादरीवरचे डाग मामीला दिसले तेव्हा कळलं. अंगठा काढावा लागला. अजून आठवलं की पोटात कालवतं.

गावात खरी अडचण वेगळीच आहे, सरकारी दवाखान्यात गोळी फुकट पण संपलेली असली की माणूस पुढच्या खेपेपर्यंत तसाच राहतो, रोज बुडवून तालुक्याला कोण जाणार? इन्सुलिन लागलं तर घरात फ्रिज नाही, मामी बाटली पिशवीत घट्ट बांधून माठात ठेवते. यावर मेसेज फिरवा ना.

तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात बोटातून थेंबभर रक्त देऊन फुकट तपासणी होते, आशाताईंना विचारा कुठल्या वारी असते ते.