अ‍ॅग्वामेंटी आणि आमचा नळ

हॅरी पॉटरच्या 7 पुस्तकांतून मैत्री, धैर्य, त्याग वगैरे शिकायला मिळतं, असं लोक सांगतात. मिळत असेल. मी लातूरची. ती पुस्तकं वाचताना माझं लक्ष पाण्यावरून हललंच नाही.

त्या जादूच्या जगात हवेतून जेवण काढता येत नाही. शेवटच्या भागात तंबूत भुकेनं चिडलेल्या रॉनला, म्हणजे हॅरीच्या दोस्ताला, त्यांची मैत्रीण हर्मायनी तसा नियमच ऐकवते. पाणी मात्र येतं! छडी धरायची, 'अ‍ॅग्वामेंटी' म्हणायचं, धार चालू. आणि एवढा मंत्र येत असताना ही पोरं अख्खं आयुष्य वोल्डेमॉर्ट नावाच्या एका नाक नसलेल्या माणसाशी भांडण्यात घालवतात. बाबांनो, आमच्या लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत येऊन एवढा एकच मंत्र म्हणा, डिपॉझिट न भरता निवडून याल.

सहाव्या भागातल्या गुहेत मात्र लेखिका रोलिंगबाईंनी आमच्या गल्लीचंच वर्णन केलंय. हॅरीचे मुख्याध्यापक डंबलडोर पाणी पाणी करतायत, हॅरी मंत्र म्हणून प्याला भरतो, ओठांशी नेतो, तर प्याला कोरडा. पुन्हा भरतो, पुन्हा कोरडा. बाकीच्यांना इथे रडू येतं म्हणे. आमच्याकडे रात्री कधीतरी गल्लीतून आरोळी येते, "नळ आलेऽऽ!" आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग चहाच्या रंगाचं काहीतरी येतं. ते निवळेपर्यंत सगळ्या गल्लीच्या मोटारी लागलेल्या असतात. आमची मोटार लावायला जावं तर ती हवा धरते. तिची हवा काढावी तर लाईट जाते. मग कुंपणावरून शेजारच्या काकूंना विचारायचं,

"आलं का ओ काकू पाणी?"

"आलतं की. गेलं."

शेवटी हॅरीला त्या गुहेतल्या तळ्यातूनच प्याला बुडवून घ्यावा लागतो, आणि पाण्याला स्पर्श होताच चहूबाजूंनी प्रेतं वर येतात. टँकरच्या पाइपाला नुसता हात लावून बघा. जिवंत माणसं त्याहून लवकर येतात. 2016 च्या मार्चमध्ये शहरातल्या टाक्यांभोवती 144 कलमच लावलं होतं, पाच माणसांनी एकत्र जमायचं नाही. आमच्या घरचेच पाणी भरायला सहा जण निघायचो.

मग एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. हॅरीच्या जादूच्या शाळेची, हॉगवर्ट्सची गाडी पावणेदहा नंबरच्या फलाटावरून सुटते आणि साध्या माणसांना तो फलाट दिसत नाही. आमची गाडी मात्र देशभर दिसली. पुण्याहून बहिणीचा फोन, "अगं, टीव्हीवर तुमचं पाणी दाखवतायत!" म्हटलं, आम्हीपण तिथंच बघतोय.

भीतीवर हसावं, हेही तिथंच शिकवलंय. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला ज्या मास्तरांची धडकी भरते, त्यांना तो मनातल्या मनात आजीचे कपडे घालतो, डोक्यावर गिधाडाची टोपी ठेवतो, आणि वर्ग खदखदून हसतो. मला मास्तरांची भीती नाही, मे महिन्यातल्या पाहुण्यांची आहे. गेल्या उन्हाळ्यात आत्याबाई रिक्षातून उतरल्या तशी मी त्यांना ती टोपी चढवली. खरंच हसू फुटलं. "काय गं, हसलालीस कशाला?" म्हणाल्या, आणि टोपीसकट न्हाणीघरात गेल्या. केसावरून अंघोळ. बाहेर आल्यावर कुणीच हसत नव्हतं.

पुण्याचा भाचा दिवाळीत आला तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, हॉगवर्ट्समध्ये मुलांचं हाउस ठरवणाऱ्या त्या जादूच्या टोपीनं तुला कोणत्या हाउसमध्ये टाकलं असतं?"

"स्लिदरिन."

पोरगं हादरलं. "अगं, तिथं वाईट लोक असतात! हॅरीसुद्धा नको नको म्हणतो."

"असू दे रे. त्यांची खोली तळ्याच्या खाली आहे. काय फोर्सनं पाणी येत असेल!"