अमेरिकेतल्या ‘पडून असलेल्या’ डॉलरांबद्दल

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, अमेरिकेत ग्राहकांनी कंपन्यांवर केलेल्या सामूहिक दाव्यांतले कोट्यवधी डॉलर कोणी न मागितल्यामुळे पडून आहेत, ते कोणालाही, केव्हाही, पावतीशिवाय मिळतात, थोडी फी घेऊन फॉर्म भरून दिला जाईल, आणि भारतात अशी सोयच नाही. मुलगा-सून न्यू जर्सीत असलेली घरे दांडिया बाजारात कमी नाहीत, त्यामुळे असा मजकूर इथे चटकन खरा वाटतो.

‘कोणालाही’ हे साफ चूक आहे, कारण पैसे कोणत्या लोकांसाठी आहेत हे तडजोडीतच, म्हणजे दावा मिटवण्यासाठी कंपनीने केलेल्या करारातच, ठरलेले असते. फेसबुकच्या 72 कोटी 50 लाख डॉलरच्या तडजोडीत हक्क होता तो 24 मे 2007 ते 22 डिसेंबर 2022 या काळात अमेरिकेत फेसबुक वापरणाऱ्यांचा. तिथे नोकरी करून परतलेल्या बडोदेकराला अर्ज करता आला असता, पण जन्मभर रावपुऱ्यात राहिलेल्याला नाही.

‘केव्हाही’ हेही तसेच. त्याच तडजोडीची मुदत 25 ऑगस्ट 2023 रोजी संपली. गोंधळ बहुधा बँकेतल्या बेवारस ठेवींमुळे होत असावा. दहा वर्षे व्यवहार न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क बुडत नाही, आणि ती शोधण्यासाठी 2023 पासून ‘उद्‌गम’ पोर्टलही आहे. दाव्यांच्या पैशाला हा नियम लागू नाही.

फार थोडे लोक अर्ज करतात, एवढे मात्र खरे. ग्राहकहिताचे काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या 2019 च्या अहवालात अर्जांचे मध्यक प्रमाण 9 टक्के होते (निम्म्या प्रकरणांत याहून कमी, निम्म्यांत जास्त), आणि तडजोडीची सूचना जास्त लोकांना गेलेल्या प्रकरणांना तेवढे जास्त वजन देऊन सरासरी काढली तर ते 4 टक्क्यांवर येत होते. तथापि उरलेली रक्कम कोणाची वाट पाहत बसत नाही. तडजोडीच्या अटींप्रमाणे ती अर्जदारांतच पुन्हा वाटली जाते, न्यायालयाच्या संमतीने संबंधित विषयावर काम करणाऱ्या संस्थेला दिली जाते, किंवा काही प्रकरणांत चक्क कंपनीकडे परत जाते. संताप यावा तो या शेवटच्या गोष्टीचा, आणि नेमका तिचाच उल्लेख मजकुरात नाही.

रकमेचा हिशेबही पाहावा. लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या कंपनीतल्या माहितीचोरीत सुमारे 14 कोटी 70 लाख लोक सापडले होते. पतनोंदीवर मोफत देखरेखीच्या सेवेऐवजी मिळणारी रोख भरपाई 125 डॉलर असल्याची बातमी झाली, परंतु त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती 3 कोटी 10 लाख डॉलर, म्हणजे 2 लाख 48 हजार अर्जदारांनाच पुरणारी. अर्जांचा पूर आल्यावर, प्रत्येकाच्या वाट्याला बरेच कमी येईल, असे कमिशनलाच सांगावे लागले.

काही तडजोडींत पावती लागत नाही, हे मान्य. पण अर्जावर शपथपूर्वक सही असते आणि खोटी शपथ तिथे गुन्हा आहे. फीबद्दल एकच सांगतो: तडजोडीचा अर्ज करायला पैसे पडत नाहीत.

राहिला भारत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 35 नुसार, समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक जिल्हा आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. 1986 च्या कायद्यातही ही तरतूद होती. ज्यांना शोधून काढणे सोयीचे नाही अशा असंख्य ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर कलम 39 प्रमाणे विकलेल्या सदोष मालाच्या किंवा दिलेल्या सेवेच्या मूल्याच्या किमान 25 टक्के रक्कम कंपनीला भरावी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा 5 टक्के होती. ही रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा होते, त्यामुळे तिच्यासाठी फॉर्म भरून देणारा कोणी भेटलाच, तर तो फॉर्म कशाचा आहे हे त्यालाच विचारावे.