दीडशे वर्षांपूर्वीची पुस्तकं कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

उत्तर द्यायला चार दिवस लागले, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की मायक्रोस्कोप शिकायला मी दिलेली पुस्तकांची लिस्ट म्हणजे नुसता शो आहे, सगळी इंग्लिश, त्यातली दोन तर दीडशे वर्षांपेक्षा जुनी, बेळगावजवळच्या खानापूरकडच्या मराठी शाळेतल्या पोराला ती कोण वाचून दाखवणार, त्यापेक्षा पोरं यूट्यूबवर बघून शिकतात की.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. पॅटरसनचं गोड्या पाण्यातल्या प्रोटोझोआचं (एकपेशी जीवांचं) पुस्तक मी एक नंबरला टाकलं, ते चुकलंच. १९९२ चं पुस्तक, फोटो आणि चित्रं झकास, पण ते ओळख पटवायचं पुस्तक आहे हो, ज्यानं अजून थेंब नीट फोकस केलेला नाही त्याला त्याचा काय उपयोग? आणि महागही आहे. मला ते आवडतं म्हणून वर चढवलं, झालं.

यूट्यूबचं मात्र पटत नाही, आणि का ते माझ्याच फजितीवरून सांगतो. मी पहिला मायक्रोस्कोप घेतला तेव्हा खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात २००० पट लिहिलेलं. व्हिडिओ बघून बघून कपिलेश्वरच्या तळ्याचं पाणी आणलं, स्लाइडवर टाकलं आणि जवळजवळ दोन आठवडे जाड काळ्या कडेचे गोल गोल काहीतरी बघायलो होतो, वहीत चित्रं काढली, बायकोला दाखवली, शेजारच्या मामांना पण दाखवली. ते हवेचे बुडबुडे होते सर! जाड काळी कड दिसली की बुडबुडा, आणि कव्हर स्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) एका बाजूनं टेकवून तिरकी हळूहळू सोडायची म्हणजे बुडबुडे कमी येतात, हे मला एका जुन्या पुस्तकातल्या दोन ओळींनी सांगितलं. व्हिडिओवाला त्याचा सगळ्यात चांगला थेंब दाखवतो, बिघडलेले पन्नास कापून टाकतो. आपल्या टेबलावर तर ते पन्नासच असतात ना.

तसंच उजेडाचं. नवीन माणूस काय करतो, दिवा फुल लावतो, कंडेन्सरखालची (स्लाइडखालच्या उजेडाच्या भिंगाखालची) डायफ्राम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, सताड उघडी ठेवतो, आणि मग पाण्यातले जीव आधीच काचेसारखे पारदर्शक, ते त्या उजेडात विरघळूनच जातात. डायफ्राम थोडी मिटली की कडा उमटतात. आणि ते २००० चं म्हणाल तर चाळीस पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर (स्लाइडच्या जवळच्या लेन्सवर) बारीक अक्षरात बहुतेक ०.६५ लिहिलेलं असतं, ते न्युमेरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून उजेड गोळा करते त्याचं माप, त्याची साधारण हजार पट म्हणजे ६५० पर्यंत कामाचं, ऑइलचं शंभरचं ऑब्जेक्टिव्ह १.२५ चं असेल तर १२५० पर्यंत, त्यापुढं नुसती धूसर चित्रं मोठी होतात. उजेडाच्या लहरीचीच मर्यादा आहे ती, कंपनी कुठलीही असो, अंबाल्याची असो नाहीतर जर्मनीची.

म्हणून पुस्तक निवडायची माझी पद्धत फार साधी आहे. उघडायचं आणि बघायचं, बुडबुडा कसा दिसतो, डायफ्राम कधी मिटायची, चाळीसवर असताना मोठा नॉब फिरवून लेन्स स्लाइडवर का आदळवू नये, हे लिहिलंय का. पहिली चाळीस पानं नुसता इतिहास आणि भागांची नावं दिलेली आकृती असेल तर ठेवून द्यायचं, ते परीक्षेचं पुस्तक.

आता त्या दोन जुन्या पुस्तकांविषयी. रॉबर्ट हूकचं १६६५ चं मायक्रोग्राफिया कुणी वाचून शिकावं असं मी म्हणतच नाही, त्यातला जुना 'एस' एफ सारखा दिसतो, माझंच डोकं उठतं. पण पिसवेचं ते घडी घातलेलं मोठं चित्र पोराला नुसतं दाखवा, भाषा लागत नाही त्याला. फिलिप हेन्री गॉसचं १८५९ चं 'ईव्हनिंग्ज अ‍ॅट द मायक्रोस्कोप' आहे ते वेगळं, तो केस, पिसं, खवले असल्या वस्तूंपासून सुरू करतो. केस काय आणि कोंबडीचं पीस काय, खानापुरात ढिगानं मिळेल. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत, ही महत्त्वाची गोष्ट मी लिस्टमध्ये लिहिलीच नव्हती, हा पण माझाच आळस.

भाषेचा मुद्दा खरा आहे आणि तो दुखतोही. पाटीवर कुठली लिपी यावरून आपल्याकडं एवढं होतं, पण पोराच्या हातात द्यायला असलं पुस्तक ना मराठीत सापडलं मला ना कन्नडमध्ये. पॅरामेशियमला (तळ्यातल्या पाण्यातला एक एकपेशी जीव) दोन्हीकडं पॅरामेशियमच म्हणतात, तेवढी एक सोय. तोवर तुम्ही वर्गात एक करून बघा: विहिरीचं पाणी (नळाचं नको, क्लोरीन असतंय), त्यात भाताच्या पिंजराच्या (पेंढ्याच्या) चार काड्या, बरणीचं तोंड सैल झाकून आठ दिवस. आधी वास येईल, वर साय धरेल, ती बॅक्टेरियाची, मग त्यांना खाणारे धावायला लागतील. त्या सायीच्या कडेचा थेंब घ्यायचा, मधला नाही.

लिस्ट आज रात्री बदलतो. तुमच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हवर काय काय आकडे आहेत ते मात्र कळवा, आणि डायफ्राम आहे की नुसती भोकांची चकती तेही, मग गॉसमधली त्याला झेपणारी चार-पाच पानं मी मराठीत करून पाठवतो.