फोटो पाठवा, पण डॉक्युमेंट करून

पुराचे फोटो-व्हिडिओ वाचकांनी बातमीसाठी पाठवावेत असं एका लेखात म्हटलंय, पण कसे पाठवायचे ते राहिलंच. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा टाकला की तो दाबून लहान केला जातो, दर्जा घटतो आणि कधी, कुठे काढला ही फाइलमधली नोंद पुसली जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' करून मूळ फाइलच पाठवा. व्हिडिओ घेताना मोबाइल आडवा, निदान १० सेकंद स्थिर. मग सावकाश फिरवून दुकानाची पाटी किंवा पुलाचा कठडा दिसू द्या. जागेची ओळख पटते ती त्यावरूनच. वर गाणं चिकटवू नका, मूळ आवाजही पुरावाच असतो. आणि ग्रुपवरून आलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. त्यातलं एक थांबवलेलं चित्र गूगल लेन्सला (चित्रावरून शोध घेणारं साधन) दिलं की कधी २०१९चा सांगलीचा पूर निघतो, कधी भलत्याच देशातला!