टाळूतला तुकडा की तयार पडदा?

हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलं तर टाळूतून तुकडा न काढता तयार ग्राफ्ट (मूळ झाकायला बसवायचा तयार पडदा) वापरणं केव्हाही चांगलं, असं हिरड्यांच्या उपचारांवरच्या एका लेखात म्हटलंय. हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही. टाळूच्या आतल्या थरातली संयोजी ऊती (वरच्या त्वचेखालचा, आधार देणारा थर) काढून उघड्या मुळावर बसवायची पद्धत लँगर आणि लँगर या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडली, आणि मूळ झाकण्यात आजही तीच सर्वांत भरवशाची आहे. टाळू काही दिवस दुखतो, हे खरं. चार-पाच दात एकदम करायचे असतील किंवा टाळू पातळ असेल, तर तयार पडदा जरूर वापरावा.

पण तो कशाचा आहे, हे पेशंटला आधी सांगा! काही पडदे डुकराच्या कोलॅजनपासून (शरीरातल्या एका प्रथिनापासून) बनतात, काही दान केलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी काढून टाकून उरलेल्या भागापासून. अनेक घरांत हा श्रद्धेचा प्रश्न असतो आणि विचारण्याचा हक्क त्यांचाच आहे.

लेखात सर्वांत मोठी गोष्ट राहिली. दोन दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते. ते झिजलं असेल तर कुठलंही महागडं मटेरियल ती भरपाई पूर्ण करत नाही. एक्स-रे बघूनच बोलावं. आणि मिश्री, सिगारेट, कडक ब्रशने जोरात घासणं चालूच राहिलं तर बसवलेली हिरडीही पुन्हा सरकू शकते. टाके घालण्याआधी मी पेशंटशी याच विषयावर सर्वांत जास्त वेळ बोलते.